शाळेच्या आवारातील आजारी मांजर : आरोग्यशिक्षणाचा एक पाठ

खेड्यातील पुष्कळशा शाळांच्या आवारात एखाददुसरे मांजर वावरत असते. पोषण आहाराच्या धान्यामुळे उंदीर येतात, उंदरांमागोमाग मांजर येते, आणि मुलांच्या ताटांतील उरलेल्या घासांवर ते तेथेच स्थिरावते. ते कोणाच्या मालकीचे नसते व माणसास जवळही येऊ देत नाही. एके दिवशी त्याचे एखादे पिल्लू लाकडांच्या ढिगाआड निपचित पडलेले आढळते, आणि मुले त्याच्याभोवती गोळा होतात. कोणी दूध आणते, कोणी त्यास उचलून छातीशी धरते. या प्रसंगी शिक्षकाने काय करावे, आणि त्यातून इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांस रोगप्रतिकाराचा पाठ कसा द्यावा, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम मुलांस दूर करावे. जे मांजर एरवी माणसास पाहून पळते, ते जर जवळ आले, किंवा विनाकारण अंगावर धावले, तर त्यास रेबीज झालेला असणे शक्य आहे. हा रोग कुत्र्याप्रमाणेच मांजराच्या चाव्यानेही होतो, आणि त्याची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. मांजर निरोगी दिसते की नाही हे पाहत लस लांबणीवर टाकू नये, आणि एकदा सुरू केलेल्या मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मध्येच सोडू नयेत. घरी मार बसेल या भीतीने मुले ओरखडे लपवितात, हे शिक्षकांस ठाऊकच असते. तेव्हा न रागावता विचारणे हाच येथे पहिला उपचार होय.

आता पाठाकडे वळावे. पायात काटा मोडला म्हणजे त्या जागी पू का होतो, असे मुलांस विचारावे. एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतील मेसिना येथे ताराम्यांच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर चाल करून जाणाऱ्या पेशी असतात, हे यावरून त्याने ताडले. या कामाबद्दल १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या व मांजराच्या रक्तातील पांढऱ्या पेशी हे काम करतात.

नवजात पिल्लाची ही फौज अननुभवी असते. गाय व्याली म्हणजे वासरास चीक का पाजतात, हे खेड्यातील मुलांस सांगावे लागत नाही. मांजरीच्या पहिल्या दुधाचेही तेच कार्य होय. त्यातून आईची तयार प्रतिद्रव्ये पिल्लाच्या रक्तात जातात, परंतु ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरतीच शोषली जातात, आणि पुढे काही आठवड्यांत हळूहळू संपतात. आईकडून मिळालेले संपत आले आणि स्वतःचे अद्याप पुरेसे तयार झाले नाही, असा एक मधला काळ येतो. पिल्ले पुष्कळदा याच काळात दगावतात. म्हणूनच त्यांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस देण्यास प्रारंभ करून, सुमारे चार महिन्यांची होईपर्यंत ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा द्यावी लागते.

या वयात सर्वांत घातक रोग म्हणजे पॅनल्यूकोपीनिया. त्याचा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतील मगजावर हल्ला करतो. पांढऱ्या पेशी जेथे घडतात ती जागाच निकामी होते. किल्ला लढवावयाचा तर शिपाईच नाहीत, अशी स्थिती होते. पिल्लास उलट्या व जुलाब होतात, ते पाण्याच्या भांड्यावर मान घालून बसते, पण पाणी पिववत नाही. हा रोग माणसास होत नाही. मात्र विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो, आणि नेहमीच्या फिनेलने तो खात्रीने मरत नाही. उलट ते फिनेल मांजरासच विषारी ठरते. जागा आधी घासून स्वच्छ करावी, कारण घाणीत क्लोरीन वाया जाते. मग एक लिटर पाण्यात सुमारे पाच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटे जमिनीवर राहू द्यावे व नंतर धुऊन काढावे. हे काम मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावे. ब्लीचिंग पावडरीत फिनेल किंवा आम्ल कधीही मिसळू नये.

मांजरास फिनेल बाधते त्याचे कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कित्येक द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी सोय माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यामुळे तापासाठी घरोघर असणारी पॅरासिटामॉलची गोळी त्यास मारक ठरते. रक्ताचा रंग तपकिरी होतो, चेहरा व पंजे सुजतात आणि श्वास कोंडतो. दयाबुद्धीने अर्धी गोळी दुधात विरघळवून पाजणारे लोक आहेत. त्यांना हे आवर्जून सांगावे.

दुधाविषयीही गैरसमज दृढ आहे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब वाढतात. मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी असल्याने त्यास टॉरिन हे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविणेही त्यास साधत नाही. तेव्हा नुसत्या दूध-पोळीवर त्याची प्रतिकारशक्ती टिकेल कशी? उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस त्याच्या पाण्यासह, मीठ, कांदा व लसूण न घालता द्यावे. बाजारात प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या म्हणून भुकट्या मिळतात. त्यांवर पैसा घालविण्यापेक्षा तो लशीवर व जंतांच्या औषधावर खर्चावा हे बरे.

डोळे चिकटलेले, नाक वाहते व शिंका, अशी लक्षणे असतील तर तो मांजरांचा सर्दीताप असतो. नाक चोंदल्याने वास येत नाही, आणि वासावाचून मांजर खात नाही. म्हणून अन्न कोमट करून द्यावे. पेलाभर उकळून निवविलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून, त्यात भिजविलेल्या कापसाने लहान पिल्लाचे डोळे पुसता येतात. येथेही हातमोजे हवेत. गारठलेल्या पिल्लास आधी ऊब द्यावी, मगच अन्न. तोंडात बळेच पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. मोठ्या रानवट मांजरास मात्र हात लावण्याच्या भरीस पडू नये. त्यास पिंजऱ्यात घेऊन वर कापड झाकावे, म्हणजे अंधारात ते शांत राहते, आणि तसेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

सर्दीतापाचा एक विषाणू बरे झाल्यावरही शरीरात दडून राहतो व भीती, उपासमार, भांडणे यांमुळे पुन्हा उचल खातो. बोक्यांच्या मारामाऱ्यांत चाव्यावाटे पसरणारा दुसरा एक विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात प्रथम सापडला. तो मांजराची प्रतिकारशक्तीच पोखरतो, माणसास मात्र बाधत नाही. या दोहोंवर निर्बीजीकरणाचा उपयोग होतो, कारण त्याने भांडणे कमी होतात व मांजरीचे शरीर वारंवारच्या बाळंतपणांनी झिजत नाही. त्याच वेळी रेबीजची लसही टोचून घेता येते. भूल उतरण्यापूर्वी पशुवैद्य बहुधा एका कानाचे टोक किंचित छाटतात. त्या खुणेवरून शस्त्रक्रिया झालेले मांजर मुलांनाही दुरून ओळखता येते, आणि तेच जनावर पुन्हा पकडले जात नाही.