शेडचा कोबा का फाटतो?

आपल्यातले बरेच व्यापारी व कारागीर बंधू आता गावाबाहेर जागा घेऊन स्वतःच शेड उभारतात. लोखंडी खांब रोवले, वर पत्रा टाकला, खाली कोबा केला की गोदाम तयार. खांब आणि पत्रा यांची चौकशी प्रत्येक जण करतो. कोब्याची मात्र कोणी करत नाही. तो मिस्त्रीच्या भरवशावर सोडला जातो. आम्हीही तसेच केले होते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्यानंतर आम्ही कापडाचे गोदाम कुपवाडच्या बाजूस नेण्याचे ठरविले. 40 फूट बाय 30 फुटांचे शेड. काँक्रीट टाकण्याचा दिवस शुक्रवार निघाला. सळईची जाळी सोलिंगवर आडवी पडलेली पाहून आम्ही मिस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, "शेठ, टाकता टाकता आकड्याने वर ओढून घेतो." आम्ही जुम्याच्या नमाजला गेलो. परत येऊन पाहतो तो निम्मे शेड भरून झालेले, आणि जाळी जिथल्या तिथे तळाशी. दोन पावसाळ्यांनंतर खांबांच्या कोपऱ्यांतून भेगा निघाल्या, त्यांत बोट जाऊ लागले. हातगाडीचे चाक अडकू लागले. त्याहून वाईट म्हणजे खालच्या थरातील गाठींना ओल लागून थानांवर डाग पडले. डागी कापड गिऱ्हाईकास डाग दाखवूनच विकावे लागते. त्यात जे गेले ते गेले.

नंतर कोबा फोडला तेव्हा कळले की सळईची चूक दुसरी होती. पहिली चूक त्याच्याही खाली होती. आमच्या मिस्त्रींनी काळ्या मातीवर एकदाच दोन फूट मुरूम ओतून वरून पाणी मारले होते. वरचे चार इंच घट्ट, खालचे सगळे पोकळ.

काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज याचे कारण आहे. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेडखाली तर आणखी एक भानगड होते. मधल्या जमिनीवर ऊनही नाही, पाऊसही नाही, म्हणून तिथली ओल टिकून राहते. कडेची माती मात्र दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. कोबा मध्ये धरलेला आणि कडेला वर-खाली होणारा. असा कोबा कितीही सळई घातली तरी किती दिवस टिकणार?

म्हणून खर्च करायचा तर आधी जमिनीवर करावा. प्लॉटच्या दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे ते पाहावे. शेजारच्या प्लॉटवरून अंदाज बांधू नये. शंका असल्यास माती तपासून घ्यावी. यात 10-10 ग्रॅम कोरडी चाळलेली माती एका नळीत पाण्यात व दुसरीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोहोंतील फरकावरून मातीचा स्वभाव समजतो. फुगवटा 50 टक्क्यांच्या वर गेला तर मिस्त्रीवर न राहता अभियंत्याकडेच जावे. माती थोडीच असेल तर ती सगळी काढून टाकावी. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा. प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून धुमस किंवा रोलर फिरवावा आणि पहिला थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा टाकू देऊ नये. त्यावर दगडी सोलिंग, फटींत कच व मुरूम, आणि त्यावर तीन इंच पातळ दर्जाचे काँक्रीट, ज्याला मिस्त्री लोक पीसीसी म्हणतात.

कापड, धान्य, कागद असला माल ठेवणाऱ्यांनी पीसीसीवर 250 मायक्रॉनचा, म्हणजे 1000 गेजचा, प्लास्टिकचा कागद अंथरावा. दोन पट्ट्यांचा जोड फूटभर एकावर एक घ्यावा. जमिनीतली ओल तिथेच अडते. आम्ही हा कागद पहिल्या वेळी वाचवला होता.

आता सळई. पुष्कळांची समजूत अशी की सळई घातली म्हणजे कोब्याला चीर जाणार नाही. तसे नाही. काँक्रीट वाळताना आकसणारच आणि आकसले की चिरणारच. सळईचे काम चिरेच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवण्याचे. चीर वरून सुरू होते, म्हणून जाळीही वरच्या तिसऱ्या भागात हवी. पाच इंची कोब्यात ती वरून सुमारे दोन इंचांवर यावी. त्यासाठी अडीच इंच उंचीचे सिमेंटचे ठोकळे आधीच पाडून ठेवावेत आणि दोन-अडीच फुटांवर एकेक द्यावेत. आकड्याने ओढण्याची भाषा ऐकून घेऊ नये. ओढणारा माणूस त्याच जाळीवर उभा असतो.

चीर कुठे जावी हेही आपणच ठरवायचे. सबंध शेड एकजीव न टाकता 10 बाय 10 फुटांचे चौकोन करावेत. आमच्या मापात ते 12 होतात. बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक चौकोन आधी भरावेत, उरलेले नंतर. मग आकुंचन सांध्यांवर जाते. जाळी प्रत्येक चौकोनात वेगळी, सांध्याच्या दोन इंच अलीकडे थांबणारी. 12 मीटरच्या सळईचे 9 फूट 8 इंचांचे चार तुकडे जवळजवळ वाया न जाता निघतात. 8 मिलिमीटरची सळई आठ-आठ इंचांवर दोन्ही बाजूंनी बांधली तर एका चौकोनास 30 तुकडे, म्हणजे 12 चौकोनांस 90 सळ्या. वजन मीटरला 395 ग्रॅम धरून सुमारे 426 किलो. हा हिशेब हाती असला की दुकानदारही नीट बोलतो. जिथून टेम्पो आत येतो तिथल्या सांध्यात मात्र 16 मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईचे दीड फुटी तुकडे फूट-फूट अंतरावर आडवे द्यावेत. त्यांची एक बाजू ग्रीस लावून मोकळी ठेवावी, म्हणजे चाकाचा भार एका चौकोनावरून दुसऱ्यावर सरळ जातो.

खांबांना कोबा चिकटवू नये. खांबाचा पाया वेगळा व खोल असतो. तो आपल्या चालीने बसतो, कोबा आपल्या चालीने. प्रत्येक खांबाभोवती थर्माकोल किंवा डांबरी कागद लावून फट ठेवावी. आमच्या सगळ्या भेगा खांबांपासूनच निघाल्या होत्या.

या चौकोनांचा आणखी एक फायदा सांगतो. पैसा हाती नसेल तर निम्मे शेड आधी आणि निम्मे ईदच्या मोसमानंतर भरता येते. सांधा कुठेही थांबू देतो. कोब्यासाठी व्याजी कर्ज काढण्याची गरज नाही. दुसऱ्या वेळी आम्ही असेच केले, आणि मिस्त्रींशी ठरलेले माप, मसाला व मजुरी दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घेतली. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, हे ठाऊक सर्वांना असते.

मसाला एक-दीड-तीन. 1200 चौरस फूट, पाच इंच, म्हणजे पाच ब्रास काँक्रीट. त्याला सुमारे 113 पोती सिमेंट, दोन ब्रासहून थोडी जास्त वाळू किंवा क्रश सँड आणि सव्वाचार ब्रासच्या आसपास खडी लागते. घमेली मोजू नयेत. 35 लिटरचा फर्मा करावा, तो एका पोत्याचे माप होय. पाणी पोत्यामागे 25 लिटरपर्यंत, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मजूर जास्त पाणी मागतात, कारण पातळ मसाला ओढायला सोपा. पण असल्या कोब्याची वरची पूड वर्षभर उडते, आणि कापडाच्या गोदामात पूड म्हणजे रोजचे झाडणे. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या बंधूंना मागाचे शेड करायचे असेल तर पाच इंचांवर भागणार नाही. मागाचे हादरे वेगळे, त्याचे बैठक-काम अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

शेडभोवती तीन-चार फूट रुंदीचा उतरता ओटा आणि पत्र्याला पन्हळ अवश्य करावी, नाहीतर छपराचे सगळे पाणी कडेच्याच मातीत मुरते.

काँक्रीट टाकण्याचा दिवस असा निवडावा की तुम्ही सकाळपासून अखेरपर्यंत तिथे उभे राहू शकाल. शुक्रवार सोडावा. उन्हाळ्यात दुपार टाळावी. दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवावे. बाजारात हल्ली बहुधा पीपीसी सिमेंट मिळते, त्याला किमान 10 दिवस, जमल्यास 14 दिवस पाणी हवे. आठवड्यानंतर माणसांनी चालावे, पण गाठींची थप्पी आणि टेम्पो 28 दिवस पुरे झाल्यावरच आत घ्यावा. आम्ही दुसऱ्या वेळी दाराला कुलूप लावून किल्ली घरीच ठेवली होती.