रुग्णालयात एकमेकांशी बोलणे हाही उपचारच

रुग्ण दाखल झाला, की भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "डॉक्टर कोण आहेत?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या एका रुग्णाला सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, वॉर्डबॉय असे अनेक हात लागतात. प्रत्येकजण आपल्या कामात कितीही तरबेज असला, तरी एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचली नाही तर घात होऊ शकतो.

समजा, आजोबांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. घरच्यांनी ते दुपारच्या सिस्टरना सांगितले. तेवढ्यात पाळी बदलली आणि केसपेपरवर नोंद राहून गेली. रात्रीच्या डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहिले. यात अडाणी कोणीच नाही. निरोप तेवढा मधेच अडला. पण त्या अडलेल्या निरोपाने आजोबांचा जीव जाऊ शकतो.

यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी काढली. ते काम डॉ. अतुल गवांदे या अमेरिकेतील सर्जनच्या नेतृत्वाखाली झाले. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. यादी साधी आहे. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा थांबायचे. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, ॲलर्जी आहे का, हे मोठ्याने बोलून पडताळायचे. चिरा देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. शेवटी उपकरणे, सुया व कापसाचे बोळे मोजायचे.

नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, तर मोठी गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मात्र २०१४ सालच्या अभ्यासात असा ठळक फरक दिसला नाही. कागदावर नुसत्या खुणा केल्या आणि माणसे बोललीच नाहीत, तर यादीचा उपयोग काय, असे त्यावर अनेक तज्ज्ञांनी म्हटले. ते पटण्यासारखे आहे.

खरी अडचण संकोचाची आहे. मोठ्यांना उलट बोलू नये, हा संस्कार घरात शोभतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. "सर, जरा थांबा, डावा पाय की उजवा?" असे नवख्या सिस्टरलाही विचारता आले पाहिजे आणि सर्जनने ते रागावता ऐकून घेतले पाहिजे. फोनवरून सांगितलेले औषध लिहून घेऊन परत वाचून दाखवणे, पाळी बदलताना रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून माहिती देणे, या सवयींना पैसा लागत नाही.

रुग्ण व नातेवाईक हेही या साखळीतले दुवेच आहेत. त्यांनी एवढे अवश्य करावे :

१) जुने कागद आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर ठेवावी. त्यात आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधेही लिहावीत.

२) ॲलर्जी, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण याविषयी प्रत्येक नव्या डॉक्टरांना व सिस्टरना पुन्हा सांगावे. "एकदा सांगितले आहे" म्हणून गप्प बसू नये.

३) औषध देताना नाव विचारले, तर राग मानू नये. न विचारल्यास आपणच सांगावे.

४) माहिती देण्याघेण्यासाठी घरातील एकच जबाबदार व्यक्ती ठरवावी.

५) घरी जाताना कोणते औषध बंद, कोणते चालू आणि पुन्हा केव्हा दाखवायचे, हे लिहून घ्यावे.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. नम्रपणे विचारावे, पण विचारल्यावाचून राहू नये.