विहिरीचं पाणी आणि मिठाची बरणी

पोरी, तुला दिवस गेलेत हे कळल्यापासून मनात घोळतंय ते सांगते. पंचवीस वर्षं रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेतेय मी, म्हणून माझा जीव अडकतो.

बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं थायरॉइडचं संप्रेरक तुझ्याकडूनच जायचं. ते बनतं आयोडीनपासून. उद्याच रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घे, तिसऱ्या महिन्याची वाट बघू नकोस.

माझी खरी काळजी तुमच्या विहिरीची. कापसाच्या रानाला लागून आहे ती. टाकलेला युरिया पावसाबरोबर झिरपतो आणि पाण्यात नायट्रेट होऊन उतरतो. ग्रंथीत आयोडीन ज्या वाटेनं शिरतं, ती वाट हे नायट्रेट अडवतं. सासूबाई म्हणतील, उकळून पी. उकळल्यानं जंतू मरतात गं, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते दाटच होतं. बाटलीभर पाणी तपासायला पाठव. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर ते धुण्याभांड्याला ठेव, प्यायला नको. जावईबापूंची सिगारेटही घरात नको. धुरातून अंगात थायोसायनेट तयार होतं, तेही आयोडीनची वाट अडवतं.

अंगात आयोडीन पुरेसं असेल तर ही अडवणूक कमी बाधते. एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणी २५०. म्हणून हल्ली घरोघर शिरलेलं ते गुलाबी सैंधव बाजूला ठेव, आयोडीनचंच मीठ वापर. बरणी घट्ट झाकणाची हवी, आणि शेगडीजवळच्या फळीवर नको. वाफेनं मीठ ओलं झालं की आयोडीन उडतं. आमटी उतरवताना मीठ घाल. मिठाचं प्रमाण मात्र वाढवू नकोस, कमी पडतंय का ते डॉक्टरांना विचार.

ती काचेसारखी दिसणारी कडक प्लास्टिकची बरणी आहे ना, जिच्यात तू कढत वरण ओततेस? तसल्या प्लास्टिकमधून उष्णतेनं बिस्फेनॉल सुटतं, आणि ते थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं असं प्रयोगांत दिसलंय. वरणाला स्टीलचा डबा घे.

आणि थायरॉइडची गोळी लागलीच, तर घाबरू नकोस. सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत कधीच नाही, मध्ये चार तास जाऊ देत. माझी सहाला असते, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.