नांवांचा पट व त्याचा लेखनिक

आमच्या वाचकांस शाळेचा पट ठाऊक आहेच. नवा मुलगा आला कीं त्यावर नांव चढतें. गेला कीं तें कमी होतें. पट चुकीचा राहिला तर हजेरीच खोटी ठरते. संगणकांच्या जाळ्यांतही असाच एक पट आहे. त्याविषयीं येथें आम्ही थोडेंसें सांगणार आहों.

जाळ्यांतील यंत्रास आंकड्यांचा पत्ता असतो. परंतु मनुष्याच्या ध्यानांत नांवेंच राहतात. नांवावरून पत्ता सांगणारी यादी प्रथम अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एकाच ठिकाणीं ठेवीत असत. यंत्रें वाढलीं तेव्हां ती पुरेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही योजना मांडली. तींत ज्याचीं नांवें त्यानें आपलें पान राखावें, अशी व्यवस्था झाली.

पुढें आज्ञावली ‘कंटेनर’ नांवाच्या सुट्या पेट्यांत भरून चालविण्याची रीत रूढ झाली. अशा पेट्यांचा कारभार पाहणारी कुबरनेटिस ही व्यवस्था गूगलनें २०१४ सालीं सर्वांस खुली केली. तिच्यांत नवी सेवा मिनिटांत उभी राहते व तिच्या बाहेरच्या दारास नवा पत्ता मिळतो. सेवा मोडली कीं तो पत्ता सुटतो. हातानें नोंद करणारा मनुष्य मागें पडतो. जुनी नोंद तशीच राहिली, तर सुटलेला पत्ता परक्याच्या हातीं जाऊन तो आपल्याच नांवानें लोकांस फसवूं शकतो.

म्हणून एक्स्टर्नल-डीएनएस ही आज्ञावली लेखनिक म्हणून नेमितात. वेगळें कांहीं न सांगितल्यास ती दर मिनिटास, कोणत्या सेवेनें कोणतें नांव मागितलें आहे, हें पाहते. पटाशीं ताडून उणी नोंद घालते व निरुपयोगी नोंद काढते.

पण त्याच पानावर दुसऱ्यानें हातानें केलेल्या नोंदीही असतात. त्या पुसल्या गेल्या तर एखाद्या संस्थेचें टपालच बंद पडेल! यास्तव हा लेखनिक आपल्या प्रत्येक नोंदीबरोबर ‘टीएक्सटी’ प्रकारची एक खूणनोंद ठेवितो, आणि खूण आपली नसेल त्या नोंदीस हात लावीत नाहीं. दोन व्यवस्थांस मात्र एकच खूण दिली, तर एक दुसरीच्या नोंदी पुसूं लागते. तेव्हां खुणा निरनिराळ्या द्याव्या. आरंभीं केवळ भर घालण्याची मुभा द्यावी, पुसण्याची नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, सेवक कितीही चपळ असो, त्याला आपलें व परक्याचें ओळखतां आलें पाहिजे. आणि ती ओळख प्रथम आपणच त्यास नीट करून दिली पाहिजे.