ट्रॉलीच्या चाकात ग्रीस भरताना

दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात. खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टर धुऊन त्याला हळद-कुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. ट्रॉलीकडे मात्र कुणी बघत नाही. ती उन्हाळ्यापासून गोठ्यामागे उभी, पावसाळाभर चाकं चिखलात. मग गळीत सुरू झालं की भरल्या उसानिशी तिचंच चाक बसतं. माळेगाव असो, भवानीनगर असो की बिजवडी, हंगामात कारखान्याच्या रस्त्याकडेला दगडांवर टेकवलेली एखादी ट्रॉली दिसतेच. टायर शाबूत असेल तर समजायचं, बेअरिंग गेलं.

माझंही एकदा गेलंय. हब न उघडता, नुसती टोपी काढून बोटानं ग्रीस चोपडलं होतं. ते बाहेरच्या बेअरिंगच्या तोंडावरच राहिलं, आतलं कोरडं. उघडलं तेव्हा रोलर निळे पडलेले आणि कोन, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, एक्सलला चिकटून बसलेला. छन्नीनं फोडून काढण्यात अख्खी दुपार गेली. आमचे तात्या शेजारी खाटेवर बसून होते. एवढंच म्हणाले, “अरं, ग्रीस लावायचं नसतं, भरायचं असतं.”

भरायची ही कृती ट्रॉलीची, पण ट्रॅक्टरची पुढची चाकं आणि जुन्या जीपची पुढची चाकं याच पद्धतीची. हबमध्ये दोन बेअरिंगं, आतलं मोठं, बाहेरचं लहान, दोन्ही निमुळत्या रोलरची. अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेननं १८९८ साली या बेअरिंगचं पेटंट घेतलं. भरली गाडी वळताना चाकावर आडवा जोर येतो, तो पेलायला रोलर तिरपे. म्हणजे मूळ दुखणं गाडीवानाचंच. घरची नवी मोटार मात्र यात आणू नका. तिचं बेअरिंग बहुधा सीलबंद असतं. आवाज आला की बदलायचं, ग्रीस भरायची सोयच नाही.

ट्रॉली रिकामी हवी आणि जागा टणक. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर काळ्या रानात जॅक वर जायच्या ऐवजी खाली जातो. चाक उचललं की एक्सलखाली घोडी नाहीतर लाकडी ओंडका सरकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली हात घालू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

उघडण्याआधी चाक वर-खाली धरून हलवा. लडबडलं तर ढिलं झालंय. मग फिरवा आणि दुसरा हात एक्सलवर ठेवा. खरखर कानाआधी तळहाताला कळते.

एका वेळी एकच चाक. एका हबचं बेअरिंग दुसऱ्यात गेलं की झिजेची जोडी मोडते. चाक उतरवा, टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट, वायसर, मग हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. खाली स्वच्छ पोतं अंथरलेलं असू द्या. हब पूर्ण काढून मागचं ऑइल सील उचकटा आणि आतलं बेअरिंग काढा. सील पुन्हा वापरायचं नाही. कालव्याच्या पाटातून, उसाच्या ओल्या सरीतून चाक जातं तेव्हा पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेवढंच एक रबर असतं.

खरा वेळ धुण्याला द्या. पसरट भांड्यात डिझेल घ्या, जुन्या ब्रशनं जुनं ग्रीस शेवटच्या रोलरपर्यंत काढा. पेट्रोल नको, भडका उडेल. हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायचा मोह होतो, तोही नको. कोरडं बेअरिंग वेगानं फिरलं तर रोलर उडून डोळ्यात जाऊ शकतो. दुसऱ्या स्वच्छ डिझेलमध्ये एकदा खळबळा, फडक्यावर ठेवून पूर्ण वाळू द्या. डिझेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं.

आता उजेडात बघा. रोलरवर खड्डे, निळसर डाग, तडकलेली जाळी, यातलं काहीही दिसलं तर बेअरिंग बाद. हबमधल्या कपवरून, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवरून, नख फिरवा. अडकलं तर कपही बाद. कोन आणि कप दोन्ही बदला, एक नवं आणि एक जुनं असं कधीच नको. दुकानात जुनं बेअरिंग घेऊनच जा, कडेला कोरलेला नंबर असतो. नवा कप ठोकताना जुना कप वर ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोका. तळाला बसला की आवाज बदलतो.

ग्रीस लिथियमचं, हेवी ड्युटी. चॅसीच्या निपलला भरतात ते कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला टिकतं, पण साधारण शंभर अंशांच्या आसपास पाघळतं. लिथियमचं पावणेदोनशेच्याही पुढे तग धरतं. दोन्ही एकत्र करू नका.

डाव्या तळहातावर मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्या. बेअरिंग उजव्या हातात, त्याची रुंद बाजू खाली. तळहाताच्या कडेला गोळ्यात ती बाजू खचकन दाबा आणि स्वतःकडे ओढा. पुन्हा दाबा. पाच-सात दाबांनी वरच्या अरुंद बाजूनं, रोलरांच्या मधून, ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर येतात. त्या आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. असं गोल फिरत सगळं बेअरिंग भरा. तात्या म्हणतात ते भरणं हे.

कपला बोटानं पातळ थर द्या. हबच्या पोकळीत कपांच्या पातळीइतकंच ग्रीस ठेवा, गच्च नको. जास्त झालं तर तापून सील ढकलतं. आतलं बेअरिंग बसवून नवं सील लावा, स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे, ओठाला थोडं ग्रीस. लाकडी ठोकळ्यानं सारखं ठोका.

हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वायसर, नट. हब हातानं फिरवत नट आवळा, जड लागेपर्यंत. म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करून फक्त बोटांच्या जोरानं लावा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवा, आवळून कधीच नाही. चाक मोकळं फिरावं, हलवल्यावर जाणवेल-न जाणवेल इतकाच खेळ राहावा. नवी पिन घाला, टोकं वाकवा, टोपी ठोका. चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जा, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

पहिल्या खेपेला कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत वेळ असतोच. उतरून प्रत्येक हबला उलटा हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, रिकामी परत आल्यावर आधी तो बघा. तेव्हाच चाकाचे नटही एकदा तपासा. मी फाळक्याच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं तारीख आणि बेअरिंगचे नंबर लिहून ठेवतो. कागद हंगामभर टिकत नाही.