स्तनदा माता आणि वजन घटविणारी औषधे : श्रीपेरुंबुदूरच्या निमित्ताने

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ४० किलोमीटरवर असलेले श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. गेल्या पाव शतकात या तीर्थक्षेत्राभोवती देशातील एक मोठा औद्योगिक पट्टा उभा राहिला. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९८ मध्ये ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले. २००६ पासून मोबाइल संचांच्या जुळणीचे कारखाने आले. नोकियाचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तरी इतर कंपन्यांचे जुळणीकाम वाढतच गेले. या कामात तरुण स्त्रियांचा भरणा मोठा आहे. त्यांच्यासाठी वल्लम वडगाल येथे १७ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य शासनाने तब्बल १८,७२० खाटांचे वसतिगृह सुरू केले. चाकण वा रांजणगाव परिसरातील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

ज्या वयात या स्त्रिया कारखान्यात येतात, त्याच वयात विवाह आणि मातृत्वही येते. बाळंतपणानंतर वाढलेले वजन, कामावर परतण्याची घाई, अंगावर पिणारे बाळ आणि औषध दुकानात आता सहज दिसू लागलेली वजन घटविण्याची औषधे या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जो प्रश्न निर्माण होतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न वैद्यकीय तर आहेच. परंतु त्याची निम्मी उत्तरे श्रमबाजारात आणि सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत शोधावी लागतात.

स्थूलता : हौसेपलीकडचा प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तामिळनाडूतील १५ ते ४९ वयोगटातील अतिवजनी किंवा स्थूल स्त्रियांचे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ३०.९ टक्के होते; पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ४०.४ टक्क्यांवर गेले. देशाची सरासरी त्या वेळी २४ टक्के होती. त्याच फेरीत राज्यातील ५३ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी ही अवस्था एकाच घरात, कित्येकदा एकाच शरीरात नांदते. गरोदरपणी मधुमेह झालेल्या मातेला वजन कमी करण्याचा सल्ला डॉक्टर देतात तो उगाच नव्हे. त्यामुळे बाळंतिणीने वजनाची काळजी केली की तिला 'नटण्याची हौस' म्हणून गप्प करण्याची आपल्याकडची रीत अन्यायकारक आहे. दुसरीकडे तूप, डिंक आणि अळिवाचे लाडू तीन महिने खाऊ घालून चौथ्या महिन्यात तिच्या जाडीविषयी बोलणारेही तेच घर असते!

बाजारात काय आहे

वजन घटविणाऱ्या औषधांचा आपल्याकडील इतिहास फारसा आश्वासक नाही. रिमोनाबॅन्टवर मानसिक दुष्परिणामांमुळे २००९ मध्ये, तर सिब्युट्रामिनवर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०११ मध्ये बंदी आली. ऑर्लिस्टॅट हे आतड्यात चरबीचे शोषण रोखणारे जुने औषध आजही मिळते. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड (मौंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने भारतात दाखल झाली. मौंजारोच्या सर्वांत कमी मात्रेची कुपी बाजारात आली तेव्हा ३,५०० रुपयांची होती, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. जुळणी कामगाराच्या वेतनातून एवढा खर्च निघणे कठीणच. परंतु सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पेटंटचा अडसर दूर झाला म्हणजे देशी कंपन्यांच्या स्पर्धेत किमती उतरतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. आजवर केवळ महागाईमुळे जे औषध कामगार वस्तीपासून दूर राहिले, ते तेथे पोहोचण्यापूर्वीच स्तनदा मातांविषयीची काळजी घेणे शहाणपणाचे ठरेल.

दुधात किती उतरते?

औषध मातेच्या रक्तातून दुधात जाते किंवा नाही, हे प्रामुख्याने त्याच्या रेणूच्या आकारावर, चरबीत विरघळण्याच्या गुणधर्मावर आणि रक्तातील प्रथिनांना ते किती घट्ट चिकटते यावर ठरते. सेमाग्लुटाइडचा रेणू मोठा आहे व तो रक्तातील प्रथिनाला घट्ट धरून राहतो. त्यामुळे तो दुधात फारसा उतरू नये, असा तर्क होता. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हे इंजेक्शन घेणाऱ्या आठ स्तनदा मातांचे दूध तपासले. इंजेक्शननंतर २४ तासांपर्यंतच्या नमुन्यांत औषध मोजता येण्याइतके आढळले नाही. शिवाय असे औषध बाळाच्या पोटात गेले तरी ते बहुतांशी पचून जाईल, अशी अपेक्षा आहे.

ही वार्ता दिलासा देणारी आहे. परंतु आठ माता म्हणजे आठच माता. महिनोन्‌महिने औषध चालू असताना बाळाची वाढ कशी होते, हे अशा अभ्यासातून कळत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये या गटातील औषधे गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात घेऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले. सेमाग्लुटाइडच्या गोळीबाबत तर अधिक सावध राहिले पाहिजे. ती पोटात शोषली जावी म्हणून तीत साल्काप्रोझेट सोडियम हा साहाय्यक पदार्थ मिसळलेला असतो आणि तान्ह्या बाळावर त्याचा काय परिणाम होईल याची पुरेशी माहिती नाही. गोळी चालू असताना स्तनपान करू नये, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकातच आहे. तेव्हा इंजेक्शनाचा निष्कर्ष गोळीला लावणे चूक होय.

ऑर्लिस्टॅट मातेच्या रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, म्हणून दुधात उतरण्याची शक्यता अत्यल्प. मात्र चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही शरीराबाहेर जातात आणि पाजणाऱ्या मातेला त्यांची गरज असते.

प्रस्तुत लेखकाला अधिक चिंता वाटते ती 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांची, चहांची व कॅप्सूलांची. बंदी घातलेले सिब्युट्रामिन अशा उत्पादनांत गुपचूप मिसळलेले आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. वेष्टनावर ज्याचे नावच नाही, ते दुधात किती उतरते याचा हिशेब कोणता डॉक्टर करणार? आपल्या १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे. म्हणजे स्थूलता बरी करण्याची जाहिरात करणेच बेकायदा आहे. भिंतींवरील आणि मोबाइलवरील जाहिराती पाहता हा कायदा कोणाला ठाऊक असावा असे वाटत नाही.

मातेच्या ताटाचा हिशेब

समजा, दुधात औषधाचा कणही उतरत नाही. तरीही प्रश्न संपत नाही, कारण ही नवी औषधे भूक मारून काम करतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमुख चाचणीत १,९६१ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तसेच त्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना मळमळीचा त्रास झाला. याउलट, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार स्तनदा मातेला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढील सहा महिने ५२० किलोकॅलरी जास्त लागतात; प्रथिनांची गरजही वाढते. आधीच रक्तक्षय असलेली, पाळीचे काम करणारी, दुपारचा डबा अर्धवट टाकणारी स्त्री हे इंजेक्शन घेऊ लागली, तर तिच्या आहारातून सर्वप्रथम डाळ, अंडी व भाजीच कमी होण्याची भीती आहे. बाळाला दूध मिळेल. पण त्यासाठी लागणारी पोषकद्रव्ये मातेच्या शरीरातून वसूल होतील.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. टिर्झेपॅटाइडमुळे तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव कमी होऊ शकतो, आणि सेमाग्लुटाइड शरीरातून जाण्यास वेळ लागत असल्याने गर्भधारणेपूर्वी किमान दोन महिने ते थांबवावे लागते. दोन बाळंतपणांत अंतर राखू पाहणाऱ्या मातेला हे सांगितलेच पाहिजे.

औषधाविना वजन घटविता येते काय? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४० अतिवजनी स्तनदा माता होत्या. बाळ चार आठवड्यांचे झाल्यानंतर त्यांतील एका गटाने दहा आठवडे रोजच्या आहारात सुमारे ५०० किलोकॅलरींची कपात आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला. त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो कमी झाले. बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. तेव्हा मार्ग आहे. अडचण आहे ती वेळेची.

माहिती कोण निर्माण करणार?

स्तनदा मातांविषयी एवढी तुटपुंजी माहिती का, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. औषधचाचण्यांतून गरोदर व स्तनदा स्त्रियांना बहुधा वगळले जाते. त्यांच्यावर स्वतंत्र अभ्यास करण्याचा खर्च कंपनीचा, तर लाभ साऱ्या समाजाचा. 'देऊ नये' असे माहितीपत्रकात छापणे कंपनीला स्वस्त पडते. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला आपण काय विकत घेतो याची माहिती नसते. येथे तर परिणाम भोगणारा दुसरा जीव व्यवहारात सहभागीच नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक निधीतून संशोधन होणे आवश्यक ठरते. दुधाचे नमुने तपासण्याचे अभ्यास फार खर्चिक नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते हाती घेण्याजोगे आहेत.

रजेचे गणित

२०१७ च्या दुरुस्तीने दिलेली २६ आठवड्यांची मातृत्व रजा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विराम आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, याही तरतुदी आहेत. परंतु प्रसूतीपूर्वी आठ आठवडे रजा घेतली तर नंतर अठराच उरतात. म्हणजे माता कामावर परतते तेव्हा बाळ चार महिन्यांचे असते, आणि केवळ स्तनपानाची शिफारस आहे सहा महिन्यांची. तामिळनाडूत सहा महिन्यांखालील केवळ स्तनपानाचे प्रमाण पाचव्या फेरीत ५५.१ टक्के होते. राज्याने २०१५ मध्ये बसस्थानकांत स्तनपान कक्ष उघडून चांगला पायंडा पाडला. मात्र जून २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूर परिसरातील एका मोबाइल जुळणी कारखान्यात विवाहित स्त्रियांना नोकरी नाकारली जात असल्याचे वृत्त आले आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्याकडून अहवाल मागविला. जेथे मातृत्वाकडेच खर्च म्हणून पाहिले जाण्याची शंका असते, तेथे पाजण्याचा विराम हक्काने मागणे किती जणींना जमेल? मग ज्याला वेळ लागत नाही तो उपाय, म्हणजे औषध, जवळचा वाटू लागतो.

राज्य कामगार विमा दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, मधुमेह वा थायरॉइडसाठी येणाऱ्या प्रत्येक तरुण स्त्रीला 'बाळ अंगावर पिते का?' हा प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर नोंदविता येईल. तामिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून मधुमेह-रक्तदाबाची औषधे घरपोच देणारी 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' योजना चालू आहे. तिच्या सेविकाही हे विचारू शकतात. असे औषध आधीच सुरू असेल, तर मातेने घाबरून बाळाचे दूध तोडू नये. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची तारीख घेऊन डॉक्टरांकडे जावे, बाळाचे वजन नियमित करून घ्यावे. बाळ सुस्त वाटले, नीट पिईनासे झाले किंवा जुलाब झाले तर ते त्याच दिवशी दाखवावे. संशयित दुष्परिणाम रुग्णालाही कळविता येतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची त्यासाठीची निःशुल्क मदतवाहिनी १८००-१८०-३०२४ ही आहे.