एकसंध संगणकाची पारख

दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारात मिळणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ संगणकात पडदा व यंत्र एकाच कवचात असतात. त्यामुळे जागा वाचते. तथापि पडदा बिघडल्यास सर्व यंत्रच दुरुस्तीस न्यावे लागते. म्हणून तुटपुंज्या बचतीतून संगणक घेणाऱ्या कुटुंबाने काही गोष्टी आधी पाहाव्या. स्मृती निदान 8 जीबी असावी व वाढविता यावी. काही यंत्रांत ती कायमची जोडलेली असते. साठवण एसएसडीची असावी. तबकडी फिरण्याचा विलंब तिच्यात नसतो. वायुमार्ग मोकळे असावेत. उन्हाळ्यात प्रोसेसर फार तापल्यास तो आपला वेग घटवितो. बहुधा बॅटरी नसते. तेव्हा यूपीएसचा खर्चही धरावा. अखेर एकूण खर्चास अपेक्षित सेवावर्षांनी भागावे. यंत्र स्वस्त की महाग, हे त्या भागाकारावरून कळते.